शाळेतले समुपदेशक आणि विशेष गरजा असलेली मुलं : पालक आणि शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी मराठी माध्यमाच्या शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. पालक सभेनंतर, मधल्या सुट्टीत, कधी रात्री फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. महाराष्ट्रातल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. कायदा देशभर एकच असला तरी परीक्षा मंडळांचे नियम वेगवेगळे असतात, हे वाचताना लक्षात असू द्या.

वर्गशिक्षिकेनं मुलाला समुपदेशकाकडे न्यायला सांगितलंय. म्हणजे त्याच्या डोक्यात काही बिघाड आहे का?

नाही. मूल कुठेतरी अडतंय आणि नेमकं कुठे ते बाईंना कळत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत अभ्यासात अडणारी असतात, वर्गात एक शब्द न बोलणारी असतात, घरात कुणी गेल्यामुळे मिटून गेलेली असतात. सगळ्यांना विशेष गरजा असतात असं नाही. ज्यांना असतात त्यांचंही पहिलं काम वर्गात सुखानं बसता येणं हेच असतं, आणि तिथूनच मी सुरुवात करते.

समुपदेशक, विशेष शिक्षक, मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ : यांत कोण काय करतं?

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध तेच लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांकाच्या आणि इतर चाचण्या घेतात. विशेष शिक्षक मुलाला वाचन, लेखन, गणित वेगळ्या पद्धतीनं शिकवतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, आणि नोंदणी क्रमांक विचारायला पालकांनी अजिबात संकोच करू नये.

समुपदेशक या सगळ्यांच्या मधोमध असतो. मी निदान करत नाही, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देत नाही, औषध सुचवत नाही. मी मुलाशी बोलते, वर्गात मागच्या बाकावर बसून त्याला बघते, शिक्षकांना काय बदलायचं ते सांगते, पालकांना योग्य दवाखान्यात पाठवते आणि तिथून आलेला अहवाल शाळेत प्रत्यक्ष वापरला जातो की नाही याचा पाठपुरावा करते. हा शेवटचा भाग सर्वांत कमी दिसतो आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. चांगल्या चांगल्या रुग्णालयांचे आठ-आठ पानी अहवाल कार्यालयाच्या फायलीत पडून राहतात आणि मुलाच्या वर्गात एकही गोष्ट बदललेली नसते. अहवालातली दोन वाक्यं जरी शिक्षकांच्या रोजच्या सवयीत उतरली तरी मुलाचं वर्ष बदलतं.

मुलगा हुशार आहे, बोलायला चुरचुरीत आहे, पण पेपर कोरा ठेवतो. आळशीपणा आहे की अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडणं)?

माझ्याकडे चौथीतला एक मुलगा आला होता. इतिहासात त्याला अगदी थोडे गुण होते. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, महाराज आग्र्याहून कसे सुटले ते सांग. त्यानं मिठाईचे पेटारे, पलंगावर पांघरूण घेऊन झोपलेला हिरोजी फर्जंद, पहारेकऱ्यांचा गाफीलपणा, सगळं हातवारे करून सांगितलं. आईकडून गोष्ट ऐकलेली होती. त्याच प्रश्नाचं उत्तरपत्रिकेतलं उत्तर होतं : ‘माहाराज आगराला गेले. पेटरा.’ एवढंच. या मुलाला इतिहास येत होता, लिहिता येत नव्हतं. त्याला आळशी म्हणणं अन्याय होता, आणि तो चार वर्षं ते ऐकत आला होता.

मराठी लिहिणारी मुलं कुठे अडखळतात ते पाहिलं की अंदाज येतो. ‘कर्म’ आणि ‘क्रम’ यांतला र नेमका कुठे जातो हे तिसरी-चौथीतही पक्कं होत नाही. जोडाक्षरं सुटी पडतात. वेलांटी आणि मात्रा गळतात, शब्दांमधली जागा नाहीशी होते, फळ्यावरून उतरवताना मधली अख्खी ओळ सुटते. वाचताना पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजानं म्हटला जातो. गणितात ‘त्रेचाळीस’ ऐकून ३४ लिहिलं जातं, कारण कानावर तीन आधी पडतात आणि लिहायचे असतात चार आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. त्या वादात मला पडायचं नाही, पण अडणाऱ्या मुलाला घरी ‘चाळीस तीन’ असं म्हणून लिहायला लावा, त्याला हायसं वाटतं.

अशा चुका प्रत्येक मूल करतं. त्या वयानुसार कमी न होता तशाच राहिल्या, शिकवूनही राहिल्या, तर तपासणीचा विचार करायचा. त्याआधी काही साध्या गोष्टी तपासायच्या : डोळे, कान, झोप, रक्तातलं हिमोग्लोबिन. मूल शाळेत किती दिवस हजर होतं तेही बघायचं. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारं मूल वर्षातले पाच-सहा महिने वर्गाबाहेर असतं. त्याचं वाचन मागे राहणं ही अध्ययन अक्षमता नव्हे, बुडालेली शाळा आहे. घरी अहिराणी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला पहिलीत प्रमाण मराठी परकी वाटते. मराठी घरातून थेट इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलाचंही तेच होतं. या मुलांना मदत लागते, पण वेगळी. त्यांच्यावर चुकीचा शिक्का बसू नये हे पाहणं माझंच काम आहे.

तपासणी कुठे करायची? किती दिवस लागतात?

मुंबईत सायन, नायर, केईएम या महापालिकेच्या रुग्णालयांत आणि पुण्यात ससूनमध्ये जाता येतं. इतर जिल्ह्यांत आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. तिथे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) असेल तर लहान मुलांसाठी तो चांगला दरवाजा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं जे पथक शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना तपासायला येतं, तेच पुढे या केंद्रात पाठवतं. म्हणून पथक येणार असेल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

सरकारी रुग्णालयात एका खेपेत काम होत नाही. नेत्र आणि कान तपासणी, बालरोगतज्ज्ञ, बुद्ध्यांक चाचणी, मग शैक्षणिक चाचणी अशा फेऱ्या होतात आणि मधे तारखांची वाट पाहावी लागते. बिने-कामतसारखी बुद्ध्यांक चाचणी मराठीतून घेता येते. मूल ज्या भाषेत विचार करतं आणि ज्या माध्यमात शिकतं ते परीक्षकाला आवर्जून सांगा. रजा, एसटीचं भाडं, बुडणारी मजुरी, हा सगळा भार आईवर पडतो हे मला माहीत आहे. म्हणून नववीच्या शेवटी धावाधाव करण्यापेक्षा पाचवी-सहावीतच सुरुवात करा असं मी कळकळीनं सांगते.

अध्ययन अक्षमतेची तपासणी साधारण तिसरीनंतर, म्हणजे वयाच्या आठव्या वर्षानंतर करतात. त्याआधी वाचन-लेखन पुरेसं स्थिरावलेलं नसतं. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १४ आणि १८ व्या वर्षी ती पुन्हा होते आणि १८ व्या वर्षीचं प्रमाणपत्र कायमचं धरलं जातं.

प्रमाणपत्र काढलं तर ‘दिव्यांग’ शिक्का बसेल. मुलीचं लग्न, नोकरी यात अडचण येईल का?

हा प्रश्न बहुतेक वेळा हळू आवाजात विचारला जातो, म्हणून मी त्याचं उत्तर स्पष्ट देते. प्रमाणपत्र तुमच्या ताब्यात असतं. ते कुठे दाखवायचं ते तुम्ही ठरवता. दहावीच्या गुणपत्रिकेत कुठली नोंद कशी येईल, ते अर्ज करण्याआधी शाळेकडून नीट समजून घ्या, म्हणजे मागाहून मनस्ताप होत नाही.

शिक्का प्रमाणपत्राशिवायही बसतोच. ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘कामचुकार’ हे शिक्के शाळेत रोज बसतात आणि त्यांच्याबरोबर कुठलीही सवलत मिळत नाही. मूल मोठं होताना स्वतःबद्दल काय समजून घेतं, याचा विचार करा. ‘मला वाचायला वेळ लागतो, त्याला एक नाव आहे आणि त्यावर उपाय आहेत’ हे कळलेलं मूल ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असं मानणाऱ्या मुलापेक्षा खूप वेगळं वाढतं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून जास्त असते, हे नातेवाईकांनाही सांगा.

दहावीच्या परीक्षेत नेमक्या कोणत्या सवलती मिळतात?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. राज्य मंडळात तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक, गणकयंत्र, भाषेऐवजी दुसरा विषय अशा सवलती प्रमाणपत्रातल्या निदानानुसार ठरतात. सगळ्यांना सगळ्या मिळत नाहीत. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. राज्यात अशी नऊ विभागीय मंडळं आहेत, आणि मुदतीनंतर आलेल्या अर्जासाठी मुख्याध्यापकांना फार खेटे घालावे लागतात.

लेखनिकाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे मुलं फसतात. लेखनिक खालच्या इयत्तेचा असतो. मार्चमध्ये पहिल्यांदाच एका अनोळखी मुलीशेजारी बसून उत्तरं सांगायची म्हटलं की मूल गोंधळतं. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे : वाक्य मनात पूर्ण करायचं, मग हळू बोलायचं, परिच्छेद कुठे बदलायचा ते सांगायचं, आकृतीला नावं कुठे द्यायची ते सांगायचं. आम्ही नववीच्या सहामाहीपासून घटक चाचण्या लेखनिकासह घेतो. पहिल्या दोन-तीन वेळा गुण कमीच पडतात, मग जम बसतो. जादा वेळेचंही तसंच. सरावाशिवाय तो तास मूल खिडकीबाहेर बघण्यात घालवतं.

लिहिण्याची अडचण खरी आहे पण दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० च्या खाली आहे, अशांसाठीही मार्ग आहे. हाताच्या विकारामुळे लिहिता न येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं तशा मार्गदर्शक सूचना काढल्या.

आमच्या मुलाचा बुद्ध्यांक ‘सीमारेषेवर’ आहे म्हणाले. प्रमाणपत्र मिळणार नाही. मग?

माझ्या मते शाळेत सर्वांत जास्त दुर्लक्ष याच मुलांकडे होतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत; १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ होती. यादी वाढली, अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता (ऑटिझम) तिच्यात आली. पण सीमारेषेवरची मुलं, म्हणजे ज्यांचा बुद्ध्यांक सर्वसाधारणपेक्षा थोडा कमी पण बौद्धिक दिव्यांगत्वाइतका कमी नसतो आणि ज्यांना आपण शाळेत ‘स्लो लर्नर’ म्हणतो, ती तिच्यात नाहीत. नुसती अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, हीसुद्धा स्वतंत्रपणे नाही. तिच्याबरोबर अध्ययन अक्षमता असेल तर त्या आधारावर प्रमाणपत्र मिळू शकतं, आणि तसं असतं बऱ्याचदा, म्हणून दोन्हींची तपासणी मागा.

परीक्षा मंडळाचे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक शाळेकडून मागून घ्या. मंडळाचा पेपर सोडला तर पहिली ते नववी शाळेच्या हातात खूप काही असतं. तोंडी परीक्षेचं वजन वाढवता येतं, धडा छोट्या तुकड्यांत देता येतो, गृहपाठ निम्मा करता येतो. यासाठी कुठल्याही प्रमाणपत्राची गरज नाही, फक्त मुख्याध्यापकांची तयारी लागते. ती तयारी करून घेणं हे समुपदेशकाचं काम. या मुलांना नववीत अचानक ‘दहावीचा निकाल खाली येईल’ म्हणून दुसरीकडे जायला सुचवलं जातं. त्याला मी विरोध करते, आणि प्रत्येक समुपदेशकानं करावा.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस, म्हणजे रोज शाळेत न जाता दहावी-बारावी देता येणारं मंडळ) पर्याय खरोखर चांगला आहे, पण तो मुलाच्या सोयीसाठी निवडावा. तिथे विषय निवडता येतात, नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी असतात. एका वर्षी दोन विषय, पुढच्या वर्षी दोन, असं सुटसुटीत करता येतं.

शाळा म्हणते, ‘याला विशेष शाळेत घाला, इथे जमणार नाही.’ असं म्हणता येतं का?

सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या शाळेला दिव्यांगत्वाच्या कारणानं प्रवेश नाकारता येत नाही, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ तेच सांगतं. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि निवड कुटुंबानं करायची आहे. तोंडी नकार मिळाला तर लेखी मागा. बऱ्याचदा तिथेच बोलणं मवाळ होतं. नाहीच झालं तर गटशिक्षणाधिकारी, आणि त्यापुढे पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय.

पण विशेष शाळेला मी वाईट म्हणणार नाही. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा बोलणारे सवंगडी मिळणं, किंवा तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलीला स्वतःच्या हातानं जेवायला, बटण लावायला शिकवणारे निष्णात हात मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पाहून या, एक अख्खा दिवस बसा, मग ठरवा.

स्वमग्न मूल साध्या वर्गात कसं बसवता? प्रत्यक्ष काय करता?

प्रत्येक मुलागणिक वेगळं. एक उदाहरण देते. दुसरीतला एक मुलगा रोज मधल्या सुट्टीच्या आधी कान झाकून ओरडायचा आणि बाकाखाली जायचा. सगळ्यांना वाटायचं डबा खायचा नाही म्हणून नाटक करतो. मी चार दिवस त्याच वेळी वर्गात बसले तेव्हा दिसलं की घंटा व्हायच्या आधीच त्याची नजर घड्याळाकडे जाते आणि अंग आखडतं. त्रास घंटेचा होता, आणि घंटा होणार या वाट पाहण्याचा त्याहून जास्त. शिपाईकाकांशी बोलून त्याला रोज घंटेच्या दोन मिनिटं आधी त्यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली. काका घंटेचा हातोडा त्याच्या हातात द्यायचे. स्वतः वाजवलेली घंटा त्याला सहन व्हायची. पुढच्या सत्रात त्याला ती वर्गात बसूनही चालू लागली.

याशिवाय दिवसाचा क्रम चित्रांत लावून बाकावर चिकटवणं, बदली शिक्षक येणार असतील तर सकाळीच सांगणं, स्नेहसंमेलनाच्या तालमीचा गोंगाट असेल त्या तासाला ग्रंथालयात बसू देणं, अशा गोष्टी. डोळ्यांत बघून बोल असा आग्रह मी धरत नाही. न बघताही मूल ऐकत असतं.

(एका शिक्षिकेचा प्रश्न) पन्नास मुलांच्या वर्गात मी एकट्या मुलाकडे कधी बघू?

प्रश्न रास्त आहे, आणि शिक्षकांवर आधीच निवडणुका, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांचं ओझं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण प्राथमिकला दर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि माध्यमिकला १५ मागे एक असावं असं सांगितलं. बहुतांश शाळांत आज तसं नाही. म्हणून मी शिक्षकांकडे वेळ मागत नाही, सवयीत छोटे बदल मागते.

मुलाला पुढच्या दोन बाकांत, खिडकी-दारापासून दूर बसवा. सूचना एका वेळी एकच द्या. फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायचा हट्ट सोडा. शेजारच्या मुलीच्या वहीचा फोटो पालकांना पाठवला तरी चालतो. न सांगता उभं करून मोठ्यानं वाचायला लावू नका. आदल्या दिवशी परिच्छेद सांगितलात तर ते घरून तयारी करून येतं आणि अख्ख्या वर्गासमोर नीट वाचतं. शुद्धलेखनाचे गुण आणि आशयाचे गुण वेगळे द्या. वहीभर लाल शाईपेक्षा एका पानात एकच प्रकारची चूक दाखवा. यातली बहुतेक पथ्यं बाकीच्या मुलांच्याही कामाची आहेत.

(दुसऱ्या पालकांचा प्रश्न) त्या मुलामुळे आमच्या मुलांचा अभ्यास बुडतो. त्याचं काय?

तुमचं मूल घाबरलं असेल किंवा त्याला लागलं असेल तर लगेच या. ते गंभीरपणे घेतलं जाईल. मात्र त्या मुलाचं निदान काय, त्याला औषध चालू आहे का, हे मी सांगणार नाही. उद्या तुमच्या मुलाबद्दल कुणी विचारलं तरी सांगणार नाही. आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एखाद्या मुलाचं नाव घेऊन चर्चा करू नका, ही हात जोडून विनंती. त्या गटात त्याची आईसुद्धा असते.

मूल तुम्हाला जे सांगतं ते तुम्ही आम्हाला सांगता का?

सगळं नाही. मुलाचा विश्वास बसला नाही तर माझा काही उपयोग नाही. मित्राशी भांडण, बाबांच्या रागाची भीती, आवडणारी मुलगी, हे माझ्याकडेच राहतं. तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं तर आधी मुलाची परवानगी घेते.

जिवाला धोका असेल, मूल स्वतःला इजा करायचं बोलत असेल, किंवा त्याच्यावर अत्याचार होत असेल तर गुपित राहत नाही, आणि हे मी मुलाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवते. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून दडपणं हा गुन्हा आहे. विशेष गरजा असलेली मुलं इथे जास्त असुरक्षित असतात. काहींना बोलता येत नाही, काहींना कपडे बदलायला दुसऱ्याची मदत लागते, आणि ‘मोठ्यांचं ऐकावं’ हे त्यांना सगळ्यांत जास्त शिकवलेलं असतं. त्यांना अवयवांची खरी नावं आणि ‘नको’ म्हणणं, खुणेनं का होईना, शिकवावंच लागतं. अचानक शाळेच्या रिक्षात बसायला नकार, अंथरूण ओलं होणं, एखाद्या व्यक्तीला पाहून आखडणं याला ‘हट्ट’ म्हणून सोडून देऊ नका. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. मनानं खचलेल्या मुलासाठी किंवा पालकासाठी टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६.

मुलगी बौद्धिक दिव्यांग आहे, बारा वर्षांची झाली. पाळी आल्यावर शाळा बंद करावी का?

कृपा करून बंद करू नका. तयारी पाळी यायच्या आधी सहा महिने सुरू करा. पॅडवर लाल रंग टाकून दाखवा, तिच्या आतल्या कपड्यावर पॅड कुठे चिकटवायचं ते पेनानं आखून ठेवा, दिवसातून दोन वेळा नुसतं लावायचा सराव द्या. घरी आई किंवा ताईनं स्वतःचं पॅड कसं गुंडाळून टाकायचं ते तिच्यादेखत करावं. कॅलेंडरवर लाल टिकल्या लावा. शाळेत एक ठरलेल्या बाई आणि एक ठरलेलं स्वच्छतागृह हवं. पिशवीत जादा कपडे. हे ठरवायला माझ्याकडे या, बाकी कुणाला कळण्याची गरज नाही. या मुली शिकतात. वेळ लागतो, पण शिकतात.

घरात आजोबा, मुलाचे बाबा मानायलाच तयार नाहीत. ‘मीही उशिरा बोललो होतो’ म्हणतात.

त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना मुलाची वही दाखवा आणि शक्य असेल तर एकदा माझ्याकडे पाठवा. बाबांना मी निदानाचं नाव आधी सांगत नाही, मूल काय करू शकतं ते आधी दाखवते. कितीतरी बाबा ऐकता ऐकता स्वतःच्या शाळेतल्या मारझोडीबद्दल बोलायला लागतात. त्यानंतर मुलाबद्दल बोलणं सोपं जातं.

आमच्या गावच्या शाळेत समुपदेशकच नाही.

बहुतेक जिल्हा परिषद शाळांची हीच स्थिती आहे. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशक आणि विशेष शिक्षक दोन्ही सांगितलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, असे निर्देश दिले. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा निर्णय समोर ठेवा, ठराव करून घ्या.

तोवर तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जा. समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात. साहित्य आणि उपकरणं, दिव्यांग मुलींना महिना २०० रुपयांचा भत्ता वर्षाला दहा महिने, शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलाला घरी येऊन शिकवणं हे त्यांच्यामार्फत होतं. त्यासाठी मुलाची नोंद युडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदींत, दिव्यांग म्हणून झालेली असली पाहिजे. ती झाली आहे का, हे आजच मुख्याध्यापकांना विचारा.

दहावीनंतर काय?

सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात पाच वर्षांची सूट आहे. त्यासाठी युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लागतं. ते दहावीच्या आधीच काढून ठेवा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतचं संरक्षण. आणि एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही : मूल १८ वर्षांचं झालं की कायद्यानं ते सज्ञान, तुम्ही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाही. गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. बँकेत खातं अडल्यावर हे कळतं, तेव्हा फार धावपळ होते.

पहिल्या भेटीला येताना काय आणायचं?

गेल्या दोन वर्षांच्या वह्या, कोऱ्या आणि अर्धवटसुद्धा. तपासलेल्या उत्तरपत्रिका. जन्माच्या वेळची कागदपत्रं असतील तर ती, चष्म्याचा नंबर, चालू औषधांची चिठ्ठी, आधी कुठे तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल. मुलानं स्वतः केलेली एखादी गोष्ट आणा : मातीचा बैल, सायकलचा जुळवलेला भाग, रांगोळीचा फोटो, काहीही. आणि शक्य झालं तर आई-बाबा दोघेही या; मुलाला बाहेर बाकावर बसवून आत त्याच्याबद्दल बोलायची वेळ येऊ नये म्हणून एकानं अर्धा तास आधी एकट्यानं यावं आणि दुसऱ्यानं मुलाला घेऊन मागून यावं.